जोड ट्रॉली ओढणाऱ्यांसाठी : पुढच्याच ट्रॉलीचा ड्रॉबार का तडकतो?

दसरा झाला की एकाच दुखण्याच्या उसाच्या जोड ट्रॉल्या, म्हणजे एका ट्रॅक्टरमागे एकीला एक जोडलेल्या दोन, आमच्या वर्कशॉपला येऊ लागतात आणि साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, थांबत नाहीत. पलूस असो, आष्टा असो, वाळवा असो, विचारणा तीच : "दोन्ही ट्रॉल्या एकाच मापाच्या, एकाच वेळी बांधलेल्या, मग पुढचीच का तुटते?" कुणाला लोखंडाची शंका येते, कुणाला आमची. म्हणून एकदा लिहूनच देतो.

मागच्या ट्रॉलीचा ड्रॉबार, म्हणजे ट्रॉली ओढायचा पुढचा लोखंडी दांडा, एकच ट्रॉली ओढतो, पुढचा दोन ओढतो. ट्रॅक्टरचा ब्रेक दाबला की दोन्हींचा रेटा त्याच्यातूनच पुढे येतो, कारण ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. तरी नुसत्या ओझ्याने तो तुटत नाही. त्याला तोडते ती, ड्रॉबारच्या टोकाची कडी ट्रॅक्टरला अडकवणाऱ्या पिनेची ढिलाई. पिन आणि कडीचं भोक यांच्यात नवं असताना मिलिमीटरभर फट असते. झिजून ती पाच-सहा मिलिमीटर झाली, की क्लच सोडताना आणि गतिरोधकावर ट्रॅक्टर आधी मोकळा पुढे सरकतो, मग भरलेल्या ट्रॉल्या त्याला हिसका देतात. प्रत्येक हिसका कडीच्या मानेवर बसतो. केसाएवढी चीर तिथेच सुरू होते, आणि वर रंग अन् चिखल असल्यामुळे महिनाभर कुणाला दिसत नाही.

पिनेच्या जागी काय काय घातलेलं असतं ते आम्हीच जाणतो. सळईचा तुकडा, पहारीचं टोक, जुन्या ट्रकचा बोल्ट. बोल्टाचे आटे तर भोक कानशीसारखे खातात. पिन काढून तिच्यावरून नख फिरवा. मधे पायरी लागली, किंवा फरशीवर लोळवताना ती डुगडुगली, तर ती गेली. 2 मिलिमीटर झिजली की बदलायची, हा आमचा हिशेब. भोक लांबट झालं असेल तर एकट्या नव्या पिनेने भागत नाही, भोकात बुश, म्हणजे मापाची लोखंडी नळी, बसवावा लागतो. खालची क्लिप स्प्रिंगचीच हवी. बांधायची तार ही क्लिप नव्हे.

आता ज्या चुकीपायी आमचा आणि तुमचाही दिवस जातो, ती. चीर दिसली की फडातच कुणाला तरी बोलावून वेल्डिंगचा टाका मारून घेतात. खेप खोळंबलेली, कारखान्यावरची पाळी निघून जाईल ही घाई आम्हाला कळते. पण कडी साध्या पट्टीची नसते. ती घडीव, जास्त कार्बनच्या पोलादाची असते. थंड कडीवर झटपट वेल्डिंग केलं आणि लवकर निवावं म्हणून वर कळशीभर पाणी ओतलं, की टाक्यालगतचा भाग ठिसूळ होतो. टाका शाबूत राहतो आणि त्याच्या शेजारून कडी जाते. म्हणूनच "वेल्डिंग टिकलं, पण बाजूनं तुटलं" हे वाक्य आम्हाला पाठ झालंय.

अशी ट्रॉली आली की आधी तो जुना टाका ग्राइंडरने पूर्ण खरवडावा लागतो. यातच दोन तास जातात आणि त्याची मजुरी तुमच्याच बिलात लागते. मग चिरेचं टोक शोधून तिथे 6 मिलिमीटरचं भोक पाडतो, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. चिरेवर इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच घेतो, कडी गॅसवर तापवतो, भट्टीत वाळवलेले 7018 नंबरचे वेल्डिंगचे रॉड वापरतो आणि काम झाल्यावर जागा कोरड्या राखेत हळूहळू निवू देतो. सकाळची ट्रॉली संध्याकाळी मिळते ती यामुळे. वीस मिनिटांत करून देणारे आहेत, आमची ना नाही. चीर अर्ध्याहून आत गेली असेल तर मात्र आम्ही टाका मारत नाही, कडीच बदलतो. यावर घासाघीस करू नये.

ट्रॉली रिकामी आणि धुतलेली आणा. उसाची भरलेली ट्रॉली दारात उभी करून "एवढंच मारून द्या" म्हणू नका. ओझ्याखाली ताणलेल्या लोखंडाचं काम आम्ही करत नाही. कुठेही वेल्डिंग करा, पण अर्थची पकड, म्हणजे वेल्डिंग मशीनच्या दुसऱ्या वायरचा चिमटा, कामाच्या शेजारीच लावायला सांगा. चाकाला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगवर डाग पडतात. ट्रॅक्टर जोडलेला असेल तर बॅटरीची वायर काढा.

चालवण्याबद्दल थोडं. वजनदार ट्रॉली पुढे, हलकी मागे. मागची जड असेल तर उतारावर ती पुढचीला ढकलून आडवी करते. नांगरटीसाठी सोडलेली दोन्ही ब्रेक पेडलांची जोडपट्टी रस्त्यावर येण्याआधी अडकवा. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो आणि ट्रॉल्या त्याच्यावर येतात. पुलाच्या उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नका. ज्या गिअरने चढ चढाल त्याच गिअरने उतरा. वेग दुप्पट झाला की थांबवायची ताकद चौपट लागते, ट्रॅक्टरवरचा गाण्यांचा डेक कितीही मोठ्याने वाजत असला तरी.

ट्रॉली काळ्या रानात रुतली तर पुढे दुसरा ट्रॅक्टर लावून साखळीला हिसके देऊ नका. मागची ट्रॉली सोडा, साखळी हळूच ताणू द्या, एकेक बाहेर काढा. पाणंदीच्या वळणावर मागची ट्रॉली पुढचीपेक्षा आत कापते, म्हणून वळण बाहेरून घ्या. आणि दोन ट्रॉल्यांसकट रिव्हर्स घेण्याच्या नादी लागूच नका. मागची सोडणं पाच मिनिटांचं काम आहे, वाकलेला ड्रॉबार सरळ करणं दिवसाचं.

हंगामाआधी भाद्रपदात आलात तर पिन आणि भोक मोजून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही. पिना आणि बुश मापानुसार तयार असतात. चाकाच्या हबचं ग्रीस, स्प्रिंगच्या पाट्यांचे यू बोल्ट हेही त्याच फेरीत उरकतं. नवे यू बोल्ट आणि चाकाचे नट पहिल्या भरलेल्या खेपेनंतर पुन्हा आवळायचे असतात. ते तुम्हीच करा, त्यासाठी आमच्यापर्यंत येऊ नका.

येताना जुनी पिन फेकू नका, सोबत आणा. मधोमध सारखी झिजली असेल तर तो वापराचा भाग झाला. वरच्या किंवा खालच्या अंगाला जास्त खाल्ली असेल तर ट्रॅक्टरचा हूक आणि ड्रॉबार एका उंचीला नाहीत. तसं असेल तर ट्रॅक्टरही घेऊन या.