टायमिंग बेल्ट गाडीत आला कुठून आणि तो तुटायच्या आधीच का बदलायचा

गाडी साठ-सत्तर हजार किलोमीटरला आली की मेकॅनिक म्हणतो टायमिंग बेल्ट टाकून घ्या, आणि आपण म्हणतो अहो पण गाडी मस्त चालतेय, आवाज नाही काही नाही, मग कशाला उगाच खर्च? या प्रश्नाचं उत्तर बेल्टच्या इतिहासातच आहे म्हणून जरा मागे जाऊया.

हा दातेरी पट्टा मुळात गाडीसाठी बनलाच नव्हता. 1940 च्या दशकात अमेरिकेत गिल्मर कंपनीच्या रिचर्ड केस यांनी तो शिलाई मशीनसाठी काढला, कारण वरची सुई आणि खालची बॉबिन यांची वेळ अगदी अचूक जुळायला लागते, साधा पट्टा थोडा जरी घसरला तरी टाका चुकतो. इंजिनातही तोच मामला. क्रँक म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा खालचा दांडा, कॅम म्हणजे वॉल्व (हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) उघडणारा दांडा, आणि या दोघांना जोडतो तो टायमिंग बेल्ट. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एकच फेरा झाला पाहिजे, म्हणजे 3000 आरपीएमला (क्रँकचे मिनिटाला 3000 फेरे) प्रत्येक वॉल्व सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो, आणि यात एका दाताचीसुद्धा चूक चालत नाही.

आपल्या जुन्या गाड्यांना मात्र हा बेल्ट नव्हता. अँबॅसेडर घ्या नाहीतर कुर्ल्यात बनणारी पद्मिनी घ्या, कॅम खाली ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या मुख्य धडात) क्रँकच्या शेजारीच, वॉल्वपर्यंत पुशरॉड म्हणजे ढकलणाऱ्या काड्या, आणि क्रँक-कॅमच्या मधे एक छोटी चेन. पुढे इंजिनं जास्त वेगानं फिरवायची म्हणून कॅम वर हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या, वॉल्व असलेल्या भागात) गेला, अंतर वाढलं, तेवढी लांब चेन म्हणजे वजन, आवाज, तिला तेल पुरवायची सोय आणि खर्च. तेव्हा बव्हेरियातल्या डिंगोल्फिंगच्या ग्लास नावाच्या छोट्या कंपनीनं 1962 मध्ये ग्लास 1004 ही मोठ्या प्रमाणावर बनलेली पहिली बेल्टवाली गाडी आणली (ही कंपनी नंतर बीएमडब्ल्यूने घेतली). 1966 मध्ये अमेरिकेतल्या पाँटियाकचं सहा सिलिंडरचं बेल्टवालं इंजिन आलं, त्याच सुमारास फियाटच्या ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी दोन कॅमचं इंजिन बेल्टवर केलं, आणि मग सत्तरच्या दशकात फोक्सवॅगन, होंडा सगळेच त्या वाटेला लागले. स्वस्त, हलका, शांत, तेल नको.

भारतात घरोघरी बेल्ट पोचला तो 1983 च्या मारुती 800 मुळे. पुढे सँट्रोत होता, 1998 च्या इंडिका डिझेलमध्ये होता, नाशिकला बनलेल्या लोगन डिझेलमध्येही होता.

आता मुख्य गोष्ट. चेन झिजली की बहुतेक वेळा आधी खडखडते, सकाळी स्टार्ट करताना ऐकू येते. बेल्ट असं काही सांगत नाही. तो म्हणजे रबर आणि आत काचेच्या धाग्याच्या दोऱ्या, रबर उष्णतेनं कडक होतं, दाताच्या मुळाशी बारीक चिरा पडतात, आणि एक दिवस दात उडतात किंवा पट्टाच तुटतो. मग कॅम थांबतो पण पिस्टन मात्र वेगात वरखाली होतच राहतो आणि उघड्या राहिलेल्या वॉल्ववर जाऊन आदळतो, सगळ्या इंजिनांत असं होत नाही पण डिझेलमध्ये जवळपास हमखास, कारण कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवा दाबण्याचं प्रमाण) जास्त असल्यामुळे वर जागाच उरलेली नसते. माझ्या काकांची डिझेल गाडी खंबाटकी घाटात अशीच बंद पडली, टो करून आणली, हेड उतरवलं तर वॉल्व वाकलेले, आणि बेल्टच्या खर्चाच्या कितीतरी पट बिल. फार वाईट वाटलं कारण त्याच्या सहाच महिने आधी त्यांना सांगितलं होतं.

सुरुवातीचे बेल्ट निओप्रीनचे आणि चौकोनीसर दातांचे होते, नंतर गोल दात आले, एचएनबीआर नावाचं उष्णता जास्त सोसणारं रबर आलं, म्हणून कुठे साठ हजार तर कुठे लाखाच्या वर असे आकडे दिसतात. मॅन्युअलमध्ये किलोमीटरबरोबर बहुधा वर्षंही लिहिलेली असतात ती लोक वाचतच नाहीत, उभ्या गाडीचा बेल्टही म्हातारा होतो. ऑईल सील (तेल आत अडवणारी रबरी कडी) गळत असेल तर बेल्टवर तेल पडून तो आणखी लवकर जातो.

मधल्या काळात बऱ्याच कंपन्या परत चेनकडे वळल्या. मारुतीची के सिरीज इंजिनं चेनवर, रांजणगावात बनलेलं फियाटचं 1.3 मल्टीजेट डिझेल इंजिनही चेनवर. तर फोर्डच्या 1.0 इकोबूस्टसारख्या काही इंजिनांत बेल्ट चक्क तेलात बुडवला गेला, तिथे चुकीचं किंवा जुनं तेल राहिलं की रबराचे कण सुटून ऑईल पंपाची जाळी चोंदते, तेव्हा अशा गाडीत तेलाचा ग्रेड आणि बदलायची वेळ अजिबात चुकवू नका.

सेकंड हँड गाडी घेताना आधीच्या मालकाकडे बेल्ट बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर तोंडी शब्दावर विसंबू नका, बेल्ट बदललेला नाही असंच धरा आणि बेल्टबरोबर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली), आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही, एकदमच टाकून घ्या, कारण पुढचा सगळा भाग उघडायची मजुरी तीच पडते, आणि बिलावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही लिहून घ्या.