मायोइलेक्ट्रिक हातातील सेन्सर : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कार्यशाळेत मायोइलेक्ट्रिक हात, म्हणजे स्नायूंतल्या सूक्ष्म विजेच्या संकेतावर चालणारा कृत्रिम हात, बसवून घेण्यासाठी येणाऱ्या आणि तो घ्यावा की नाही या विचारात असलेल्या ग्राहकांसाठी, तसेच त्यांच्या घरच्यांसाठी हे पत्रक आहे. कडबाकुट्टीत किंवा उसाच्या चरकात हात गेलेले शेतकरी, पॉवर प्रेसवर अपघात झालेले कामगार, विजेच्या धक्क्यानंतर हात काढावा लागलेली तरुण मुले असे नाना प्रकारचे लोक आमच्याकडे येतात. त्यांपैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : या हाताची बोटे किती हलतात आणि पकडी किती प्रकारच्या आहेत? प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र घेतलेला हात रोज वापरला जातो की दोन महिन्यांत कपाटात जाऊन बसतो, हे बोटांच्या संख्येपेक्षा सॉकेटच्या, म्हणजे उरलेल्या हातावर चढवायच्या कवचाच्या, आत कातडीला टेकलेल्या धातूच्या लहान बटणांवर अधिक ठरते, असे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले आहे. म्हणून या पत्रकात त्या बटणांविषयी, म्हणजे सेन्सरविषयी, सविस्तर लिहिले आहे.

सेन्सर काय ओळखतो

पंजा गेला तरी पंजा चालवणारे बहुतेक मोठे स्नायू गेलेले नसतात, कारण ते कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात. आपल्या चांगल्या हाताची मूठ घट्ट आवळावी आणि घरातील कोणाला तरी कोपराच्या थोडे खाली बोटे ठेवून पाहण्यास सांगावे. आतल्या बाजूचा स्नायू फुगलेला त्यांना स्पष्ट लागेल. मग मनगट मागे वाकवावे, की बाहेरच्या बाजूचा स्नायू उठतो. दुसऱ्या हातातही हीच जोडी उरलेली असते, फक्त तिला ओढण्यासाठी पुढे बोटे नसतात.

स्नायू आखडताना त्यात अत्यंत सूक्ष्म वीज निर्माण होते. कातडीवर ती फार तर काही मिलिव्होल्ट भरते, आणि अनेकदा त्याहूनही पुष्कळ कमी असते. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा, म्हणजे १५०० मिलिव्होल्टचा असतो, यावरून अंदाज यावा. या संकेताचा बहुतांश भाग २० ते ५०० हर्ट्झ (सेकंदाला तितकी आवर्तने) या पट्ट्यात असतो आणि नेमक्या त्याच पट्ट्यात घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा व्यत्यय येऊन मिसळतो. त्यावरचा उपाय असा, की प्रत्येक सेन्सरला स्नायूच्या लांबीच्या दिशेने दोन संपर्कबिंदू असतात आणि संदर्भासाठी तिसरा असतो. दोन्ही बिंदूंवर सारखाच आलेला व्यत्यय सेन्सर वजा करतो, आणि दोहोंमध्ये जो फरक उरतो तेवढाच मोठा करून पुढे पाठवतो. हे गणित जुळण्यासाठी दोन्ही बिंदू कातडीला सारखेच टेकलेले असावे लागतात. एक जरी उचलला गेला तरी व्यत्यय वजा होत नाही आणि हात आपोआप उघडतो किंवा मिटतो.

दोन शंका आम्हांला नेहमी विचारल्या जातात. सेन्सर शरीरात वीज सोडत नाही, तो केवळ शरीरातली वीज मोजतो. त्यामुळे त्याच्यापासून शॉक बसण्याची भीती नसावी. तसेच तो मनातले ओळखत नाही. आपण स्नायू आवळला तरच त्याला कळते, नुसत्या इच्छेने नाही.

ही कल्पना नवी नाही. जर्मनीत राइनहोल्ड राइटर यांनी १९४८ साली असा हात मांडून दाखवला होता, पण त्याची यंत्रणा इतकी अवजड होती की ती अंगावर वागवता येत नव्हती. ट्रान्झिस्टर आल्यावर १९६० च्या सुमारास सोव्हिएत संघात अंगावर वागवता येईल असा हात तयार झाला, आणि आजचे बहुतेक हात मूळ त्याच तत्त्वावर चालतात.

संकेतापासून पकडीपर्यंत

सर्वांत प्रचलित रचनेत दोन सेन्सर असतात : आतल्या स्नायूने हात मिटतो, बाहेरच्या स्नायूने उघडतो. स्नायू हळू आवळला तर बोटे हळू फिरतात, जोरात आवळला तर वेगाने. मनगट फिरवण्यासाठी किंवा पकड बदलण्यासाठी दोन्ही स्नायू एकदम क्षणभर आवळायचे असतात, ही गोष्ट जमायला बहुतेकांना थोडे दिवस लागतात. संकेत गाळून, सारखा करून मोटरपर्यंत पोहोचवायला यंत्राला काही वेळ लागतो. हा विलंब सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास राहिला तर हात आपला वाटतो, त्याहून बराच वाढला तर तो मागून ओढल्यासारखा चालतो.

दुसऱ्या रचनेत हाताभोवती अनेक, बहुधा आठ, सेन्सर असतात आणि प्रत्येक हालचालीचा एकत्रित नमुना यंत्राला शिकवला जातो. ही पद्धत उत्तम आहे, पण तिची एक अडचण विक्रेत्यांकडून क्वचितच सांगितली जाते : कोपर अंगालगत ठेवून शिकवलेला नमुना फडताळावरचा डबा काढण्यासाठी हात वर केला की बिघडतो, कारण त्या स्थितीत स्नायू कातडीखाली सरकतात आणि हाताचे वजनही वेगळ्या दिशेने पडते. म्हणून शिकवणी हात खाली, समोर आणि वर अशा निरनिराळ्या स्थितींत घ्यावी लागते. ज्यांना दोन सेन्सर व्यवस्थित चालवता येत नाहीत त्यांनी थेट आठ सेन्सरकडे जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोपराच्या वर हात गेला असेल तर दंडाच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंवर सेन्सर बसवले जातात. तेथे कोपर, मनगट आणि पंजा या तिन्हींचे काम दोनच संकेतांनी करावे लागते, त्यामुळे वेग कमी असतो आणि सरावाचा काळ मोठा असतो.

सॉकेट आणि कातडी

एका ताईंचे उदाहरण येथे देतो. कोपराखाली हात गेलेल्या या ताईंना बसवलेला हात सकाळी काहीच ऐकत नसे आणि अकरानंतर नीट चालू लागे. आम्ही दोनदा मोटर तपासली, बॅटरी बदलली, तरी फरक पडला नाही. शेवटी त्यांना सकाळी आठला बोलावले आणि सॉकेट आमच्यासमोरच घालायला सांगितले. कातडी कोरडी ठणठणीत होती. कोरड्या कातडीवर धातूच्या बटणाला संकेत नीट मिळत नाही. काम करता करता हलका घाम आला की संपर्क सुधारत होता, आणि हात शहाण्यासारखा वागू लागत होता. त्यातच चार महिन्यांत हात बारीक झाल्याने सॉकेट सैल पडले होते, हे आमच्या आधीच लक्षात यायला हवे होते. ओल्या फडक्याने कातडी पुसून मगच हात चढवणे आणि नवे सॉकेट, एवढ्यावर ती तक्रार संपली.

उन्हाळ्यात नेमकी उलट अडचण येते. घामाची धार लागली की दोन बटणांमध्ये ओलाव्याचा पूल तयार होतो, संकेत मंदावतो आणि सॉकेट घसरते. दुपारी एकदा हात काढून कातडी व बटणे स्वच्छ सुती फडक्याने टिपावीत. खोबरेल तेल, मलम किंवा पावडर लावून हात कधीही चढवू नये. रात्री तेल लावायचे असल्यास सकाळी ते साबणाने पूर्ण धुऊन काढावे. सॉकेट काढल्यावर दिसणारी लाली वीस मिनिटांत ओसरली नाही तर हात पुन्हा घालू नये आणि आम्हांला कळवावे. जखम झाली तर कित्येक दिवस हात बाजूला ठेवावा लागतो.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात उरलेल्या हाताचा आकार बराच बदलतो. पहिले सॉकेट बदलावे लागेल हे गृहीत धरूनच खर्चाचा हिशेब मांडावा.

बोटांमधले सेन्सर

वर सांगितलेले सेन्सर आपला हुकूम यंत्राला पोहोचवतात. काही हातांत याशिवाय अंगठ्यात किंवा बोटांच्या टोकांत दाब मोजणारे सेन्सर असतात. वस्तू निसटू लागली की दाबातला बदल ओळखून असा हात स्वतःच पकड किंचित वाढवतो. साध्या हातांत हे काम मोटरला लागणाऱ्या विजेवरून केले जाते : बोटे वस्तूला अडली की प्रवाह वाढतो आणि मोटर थांबते. कागदी कपातला चहा धरताना दोहोंमधला फरक लगेच कळतो.

तरीही आपल्याला स्वतःला स्पर्श जाणवत नाही, हे नीट समजून घ्यावे. दाबाच्या प्रमाणात दंडावर थरथर देणारी जोडणी काही हातांना करता येते. कातडी २५० हर्ट्झच्या आसपासच्या थरथरीला सर्वाधिक संवेदनशील असल्याने तिचा वेग साधारण तेवढा ठेवतात. थेट मज्जातंतूत इलेक्ट्रोड घालून स्पर्श परत देण्याचे प्रयोग युरोपात झाले आहेत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगात डोळे बांधलेल्या रुग्णाला वस्तू मऊ आहे की कठीण, हे ओळखता आले. परंतु ती अजून संशोधनाची बाब आहे, आणि आज कोणी ती विकत देऊ करत असेल तर सावध असावे. उष्णतेचीही जाणीव नसल्याने कृत्रिम हाताने तव्यावरची भाकरी उलटू नये किंवा गॅसजवळचे भांडे धरू नये.

सराव

हात येण्याच्या आधीच सराव सुरू करणे उत्तम. आमच्याकडे स्क्रीनवर दोन रेषा दिसतात, एका स्नायूची एक. एक रेषा वर नेताना दुसरी खाली ठेवणे हे पहिले काम. पुष्कळांना गेलेला हात अजून जागेवर असल्यासारखा वाटतो. ही संवेदना अगदी सामान्य आहे, आणि सरावात तिचा उपयोगच होतो. नसलेली मूठ आवळा, असे सांगितले की रेषा बहुधा लगेच उठते. आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा रोज दोनदा पंधरा मिनिटे पुरेशी आहेत, कारण थकलेल्या स्नायूचा संकेत बदलतो आणि चुकीची सवय लागते. प्रगती मोजण्यासाठी आम्ही मधे फळी असलेल्या पेटीत अडीच सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे एका बाजूकडून दुसरीकडे टाकायला लावतो आणि एका मिनिटात किती गेले ते आपल्या वहीत लिहून देतो.

पक्षाघातानंतर हात हलेनासा झालेल्या रुग्णांसाठीही हेच सेन्सर वापरतात. बोट हललेले दिसत नसतानाही स्नायूत थोडा संकेत उरलेला असेल, तर तो स्क्रीनवर दिसतो आणि रुग्णाला प्रयत्नाची दिशा मिळते. हा सराव मात्र फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करावा.

हा हात कोणासाठी नाही

दिवसभर चिखलात, पाण्यात किंवा सिमेंटमध्ये काम असेल तर खांद्याच्या पट्ट्याने चालणारा साधा आकडा (हूक) अधिक टिकतो आणि त्यातून ओढीची जाणीवही मिळते. तशा ग्राहकांना आम्ही तोच सुचवतो. मनात शंका असल्यास मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत दुसरे मत जरूर घ्यावे. शासकीय साहाय्यासाठी युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे शासकीय ओळखपत्र) काढून ठेवावे आणि जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रात चौकशी करावी.

पहिल्या भेटीला येताना शस्त्रक्रियेची कागदपत्रे आणावीत, अर्ध्या बाह्यांचा सदरा किंवा सैल बाहीचा ब्लाउज घालावा, आणि त्या दिवशी हाताला तेल लावू नये. स्नायूंची तपासणी साधारण तासभर चालते. तीत दोन स्वच्छ संकेत मिळाले तरच आम्ही सॉकेटचे माप घेतो. न मिळाल्यास सहा आठवड्यांचा सराव लिहून देतो आणि पुन्हा बोलावतो. तोपर्यंत कोणतीही आगाऊ रक्कम घेतली जात नाही.