भोकं दिसली म्हणून बुजली: हॅकिंगचा इतिहास आणि लिनक्सची घडण

१९६० च्या दशकाच्या मध्यात एमआयटीमधल्या सीटीएसएस या संगणकप्रणालीवर एक दिवस असा आला, की लॉग-इन करणाऱ्या प्रत्येकाला रोजच्या सूचनेऐवजी सगळ्या वापरकर्त्यांच्या पासवर्डची यादी दिसू लागली. हा कोणाचा हल्ला नव्हता. मजकूर संपादनाचा प्रोग्रॅम उघडलेल्या फाइलची तात्पुरती प्रत नेहमी एकाच ठरावीक नावाने ठेवत असे, कारण एका डिरेक्टरीत एका वेळी एकच जण काम करणार हे तो लिहिणाऱ्याने गृहीत धरलं होतं. त्या दिवशी दोघं जण एकाच डिरेक्टरीत होते. एक सूचना बदलत होता, दुसरा पासवर्डची फाइल. तात्पुरत्या प्रतींची अदलाबदल झाली आणि पासवर्ड सूचनेच्या जागी जाऊन बसले.

या चुकीवरचा उपाय आजच्या कोणत्याही लिनक्सवर बघायला मिळतो. तात्पुरत्या फाइलला यादृच्छिक नाव दिलं जातं, आणि तात्पुरत्या फाइलींच्या सामाईक डिरेक्टरीच्या परवानग्यांच्या शेवटी ‘टी’ हे अक्षर असतं. म्हणजे इथे लिहू कोणीही शकतो, पण दुसऱ्याची फाइल पुसू शकत नाही. मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीममधली बरीचशी संरक्षणं अशीच जुन्या चुकांमधून आणि घुसखोऱ्यांमधून आलेली आहेत. ती नीट कळायची तर घुसखोरी नेमकी कशी झाली हे बघावं लागतं.

सीटीएसएसवर पासवर्ड जसेच्या तसे साठवलेले असत. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधकाला वाट्याला आलेला संगणकाचा वेळ पुरेना. फाइल छापून मागवण्याची सोय होती. त्याने पंचकार्डावर पासवर्डच्या फाइलचं नाव घालून विनंती टाकली आणि अख्खी यादी त्याच्या हातात आली. बेल लॅब्समध्ये १९६९ साली सुरू झालेल्या युनिक्सने पुढे वेगळा मार्ग धरला: पासवर्ड साठवायचाच नाही, त्यातून गणिताने काढलेलं, उलट फिरवता न येणारं रूप तेवढं साठवायचं. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ च्या निबंधात या पद्धतीची बैठक मांडली. पासवर्डची पहिली आठ अक्षरं किल्ली म्हणून घेऊन डीईएस हे कूटलेखन लागोपाठ २५ वेळा चालवायचं, म्हणजे अंदाज बांधत बसणाऱ्याचा वेग मंदावतो. शिवाय प्रत्येक पासवर्डसोबत ‘सॉल्ट’ नावाचा १२ बिटांचा यादृच्छिक आकडा मिसळायचा. सॉल्टमुळे एकाच पासवर्डची ४,०९६ निरनिराळी रूपं होऊ शकतात. त्यामुळे शब्दकोशातल्या शब्दांची रूपं एकदाच काढून ठेवायची आणि ती सगळ्या खात्यांवर ताडून बघायची, ही युक्ती तितक्याच पटीने महाग पडते.

एक उणीव मात्र राहिली. ही रूपं ज्या फाइलमध्ये होती, तिच्यातच वापरकर्त्याचा क्रमांक आणि नाव यांची सांगड होती, त्यामुळे ती सगळ्या प्रोग्रॅमना वाचता येणं भाग होतं. संगणक वेगवान झाले तशी ही उघडी फाइल धोक्याची ठरली, आणि रूपं ‘शॅडो’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये गेली. ती सामान्य वापरकर्त्याला वाचता येत नाही. आपल्या मशिनवर रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या, अधिकाराने ती उघडून बघा. खात्याच्या नावानंतर डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये ६ असेल, तर एसएचए-५१२ वर आधारलेली पद्धत चालू आहे. तिच्या एरवी ५,००० फेऱ्या होतात. ‘वाय’ असेल तर येसक्रिप्ट, जी मुद्दाम भरपूर मेमरी खाते, म्हणजे एकाच वेळी हजारो अंदाज चालवणं अवघड जातं. डेबियन या लिनक्स वितरणात ११ व्या आवृत्तीपासून तीच वापरली जाते. १ दिसला तर ती जुनी एमडी५ पद्धत आहे. तसं खातं बहुधा खूप आधी तयार झालेलं असतं. त्याचा पासवर्ड आजच बदलावा.

एमआयटीच्याच कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत याच्या अगदी उलट वातावरण होतं. तिथल्या आयटीएस या प्रणालीला पासवर्डच नव्हते. कोणीही कोणाचाही प्रोग्रॅम उघडून सुधारावा अशी रीत होती. रिचर्ड स्टॉलमन १९७१ पासून तिथे काम करत होते. पुढे कंपन्या सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, न देता नुसतं चालणारं सॉफ्टवेअर विकू लागल्या, तेव्हा त्यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली: युनिक्सला पर्याय ठरेल अशी पूर्ण प्रणाली, सोर्स कोडसकट. १९८७ मध्ये सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारा जीसीसी हा कंपायलर आला आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना. प्रोग्रॅम वापरा, बदला, वाटा. पण बदललेला प्रोग्रॅम वाटलात तर त्याचा सोर्स कोडही त्याच अटींवर द्या, हे त्याचं सार. १९९१ मध्ये हेलसिंकीतला विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने ३८६ प्रोसेसरसाठी लिनक्स हा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, लिहिला, पुढच्या वर्षी तो जीपीएलखाली आणला, आणि ग्नूच्या साधनांना चालवणारा गाभा मिळाला.

सोर्स कोड उघडा आहे म्हणजे सिस्टीम सुरक्षित, असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. खगोलशास्त्रज्ञ क्लिफ स्टॉल यांनी त्याचा माग काढला, तेव्हा जर्मनीतल्या हॅनोव्हरहून चाललेली घुसखोरी उघड झाली. वाट मिळाली होती ग्नू ईमॅक्स या मजकूर संपादकासोबत येणाऱ्या ‘मूव्हमेल’ या छोट्या प्रोग्रॅममधून. त्याचं काम आलेली टपाल फाइल हलवणं एवढंच. पण तिथे तो ‘सेटयूआयडी’ करून, म्हणजे कोणीही चालवला तरी रूटच्या अधिकाराने चालेल असा बसवलेला होता, आणि फाइल कुठे हलवली जाते आहे हे तो तपासत नव्हता. घुसखोराने दर पाच मिनिटांनी आपोआप चालणाऱ्या ‘एटीरन’ या प्रोग्रॅमच्या जागी आपला प्रोग्रॅम हलवला आणि पाच मिनिटं थांबला. यंत्रणेनेच त्याला रूट करून दिलं.

म्हणूनच सेटयूआयडी प्रोग्रॅमची यादी आजही अधूनमधून बघावी. ‘फाइंड’ या आज्ञेला परवानगीचा आकडा उणे ४००० असा दिला की ती मिळते. नव्या डेस्कटॉप सिस्टीमवर तिच्यात पासवर्ड बदलणारा प्रोग्रॅम, सुडो, एसयू, माउंट अशी मोजकी नावं येतात. यादीतलं एखादं नाव टेम्प डिरेक्टरीत किंवा कोणाच्या होम डिरेक्टरीत असेल, तर तिथेच थांबून तपास करावा.

या सगळ्या इतिहासातलं सर्वात शिकवून जाणारं प्रकरण मात्र २ नोव्हेंबर १९८८ चं. कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने इंटरनेटवर एक वर्म, म्हणजे स्वतःच्या प्रती काढत मशिनमागून मशिनवर पसरणारा प्रोग्रॅम, सोडला. हा १९७९ च्या त्या निबंधाच्या लेखकाचाच मुलगा. वर्मच्या हाती अनेक वाटा होत्या. वापरकर्त्यांची माहिती देणारी ‘फिंगर’ ही सेवा आलेली ओळ ५१२ बाइटच्या जागेत वाचून घेई, पण लांबी मोजत नसे. वर्म ५३६ बाइट पाठवी. जास्तीचे बाइट मेमरीतल्या शेजारच्या जागेवर सांडत आणि ‘काम झाल्यावर कुठे परतायचं’ हा पत्ता बदलून वर्मच्याच सूचनांकडे वळवत. या सूचना व्हॅक्स मशिनसाठी लिहिलेल्या होत्या, त्यामुळे सन मशिनवर फिंगर सेवा नुसती कोसळत असे. दुसरी वाट ईमेल पोचवणाऱ्या ‘सेंडमेल’ची. तपासणीसाठी ठेवलेली ‘डीबग’ सोय अनेक ठिकाणी चालूच राहिली होती आणि तिच्यातून थेट आज्ञा चालवता येत. तिसरी वाट पासवर्डची: खात्याचं नाव, ते उलट करून, मग सोबत आणलेले ४३२ शब्द, मग त्या मशिनवरचा शब्दकोश.

मशिनवर आधीच आपली प्रत असेल तर नव्या प्रतीने मरायचं, असं ठरवलेलं होतं. पण कोणी खोटीच प्रत दाखवून फसवील म्हणून सातातून एका वेळी मरायचंच नाही असा नियम घातला. सातात एक हे प्रमाण फारच जास्त ठरलं. एकेका मशिनवर प्रतींचा ढीग साचला आणि मशिनं जागच्या जागी अडकली. सुमारे ६,००० मशिनं बाधित झाल्याचा अंदाज तेव्हा प्रसिद्ध झाला.

दुरुस्तीची हकिकत मला त्याहून महत्त्वाची वाटते. बर्कली विद्यापीठातून कीथ बॉस्टिक यांनी दुसऱ्याच दिवशी सेंडमेलची दुरुस्ती पाठवली. ज्यांच्याकडे सोर्स कोड होता त्यांनी तो बदलला, पुन्हा कंपाइल केला, काम संपलं. ज्यांच्याकडे नुसता चालणारा प्रोग्रॅम होता, त्यांना त्या बायनरी फाइलमध्ये शिरून ‘डीबग’ हा शब्द शोधायचा आणि त्यावर शून्य बाइट लिहायचे, असा उपाय सांगावा लागला. भोक दोघांकडे सारखंच होतं, पण ते नीट बुजवण्याची मुभा एकालाच होती.

सांडणाऱ्या बाइटवरचे उपाय आज प्रत्येक लिनक्समध्ये आहेत. परतीच्या पत्त्याआधी एक गुप्त आकडा ठेवला जातो आणि तो बदललेला दिसला की प्रोग्रॅम थांबवला जातो. स्टॅकवरच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या मेमरीतल्या, मजकुराला सूचना म्हणून चालू दिलं जात नाही, आणि प्रोग्रॅम दर वेळी मेमरीत वेगळ्या पत्त्यावर उतरतो. लांबी न मोजणारं ‘गेट्स’ हे फंक्शन २०११ च्या मानकात सी भाषेतून काढूनच टाकलं.

नोव्हेंबर २००३ मध्ये खुद्द लिनक्स कर्नलमध्ये मागचं दार बसवण्याचा प्रयत्न झाला. दोन ओळींचा बदल होता. वरवर बघता तो वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का, हे तपासत होता. पण सी भाषेत तुलनेसाठी बरोबरची दोन चिन्हं लागतात, आणि तिथे एकच होतं. एक चिन्ह म्हणजे ‘शून्य कर’, आणि शून्य क्रमांक म्हणजे रूट. विशिष्ट पर्याय देऊन कर्नलचा तो भाग वापरणारा कोणीही गुपचूप रूट झाला असता. हा बदल कोडच्या मूळ भांडारात नव्हे, तर त्याच्या सार्वजनिक प्रतीत घातला होता. मूळ नोंदींशी ताळा घेताना त्याला कोणाचीच मंजुरी नसल्याचं दिसलं आणि तो काढला गेला.

डेबियनच्या वाट्याला आलेला प्रसंग याहून वाईट. २००६ मध्ये एका तपासणी साधनाने दिलेली तक्रार मिटवण्यासाठी कूटलेखनाच्या किल्ल्या बनवणाऱ्या ओपनएसएसएलमधला कोड बंद केला गेला. त्यातल्या एका ओळीतूनच यादृच्छिकतेचा सगळा पुरवठा होत होता. उरला फक्त चालू प्रोग्रॅमचा (प्रोसेसचा) क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर, एका लांबीच्या किल्ल्या जास्तीत जास्त ३२,७६८. त्या सगळ्या आधीच काढून ठेवता येत होत्या. मे २००८ पर्यंत, जवळजवळ दोन वर्षं, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. कोड उघडा होता, पण उघडा असणं आणि कोणीतरी जाणकाराने तो वाचलेला असणं यात फार अंतर आहे.

मार्च २०२४ मधलं, फाइली आकुंचित करणाऱ्या एक्सझेड या प्रोग्रॅमचं प्रकरण या अंतराचाच फायदा घेणारं होतं. दोन वर्षांहून अधिक काळ चांगलं काम करून विश्वास मिळवलेल्या एका टोपणनावाच्या सहकाऱ्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार घातलं. मुख्य मजकूर चाचणीच्या बायनरी फाइलींमध्ये दडवला होता, आणि तो बाहेर काढणारी स्क्रिप्टची ओळ फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती, सार्वजनिक गिट भांडारात नव्हती. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशिनवर केलेल्या, लॉग-इनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे जाणवलं, आणि तिथून त्याने सगळं उकललं. आता त्याच सोर्स कोडमधून दोन ठिकाणी स्वतंत्रपणे बांधलेला प्रोग्रॅम बाइटन् बाइट सारखा निघावा, यासाठी डेबियन आणि इतर प्रकल्प झटत आहेत. गठ्ठा भांडाराशी जुळतो का हा वेगळा ताळाही घ्यावाच लागतो.

नवी सिस्टीम बसवणाऱ्याने यातून काय करावं? आयएसओ फाइल, म्हणजे सिस्टीम बसवण्याची फाइल, उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ ताळा, म्हणजे तिच्या मजकुरातून गणिताने निघणारा आकडा, काढा आणि संकेतस्थळावरच्या ताळ्याशी ताडून बघा. तो जुळला तर फाइल वाटेत खराब झालेली नाही एवढंच सिद्ध होतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावर घुसखोरांनी मागचं दार असलेल्या आयएसओचा दुवा लावला होता, आणि जो दुवा बदलू शकतो तो त्याच पानावरचा ताळाही बदलू शकतो. म्हणून ताळ्याच्या फाइलवरची डिजिटल (जीपीजी) सही तपासा, आणि सहीच्या किल्लीचा ठसा दुसऱ्या मार्गाने पडताळा.

८ जीबीचा पेनड्राइव्ह बहुतेकांना पुरतो. आयएसओ त्यावर नुसती कॉपी करून भागत नाही. ती थेट पूर्ण उपकरणावर लिहावी लागते आणि आधीचं सगळं पुसलं जातं. पेनड्राइव्ह लावण्याआधी आणि लावल्यावर उपकरणांची यादी काढा. नव्याने दिसेल तेच नाव वापरा, आणि शेवटी विभागाचा क्रमांक जोडू नका. सगळ्यात महागडी चूक इथेच होते: एक अक्षर चुकलं की मुख्य डिस्क पुसली जाते. विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजचा विभाग अर्धवट बंद अवस्थेत राहतो आणि लिनक्स त्यावर लिहायला नकार देतं. विंडोजची डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी किल्ली आधी लिहून ठेवा. नंतर विंडोजचं घड्याळ नेमकं आपल्या कालविभागाइतकं चुकू लागलं, तर बिघाड नाही: लिनक्स हार्डवेअरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक. लिनक्सलाच स्थानिक वेळ धरायला सांगितलं की मिटतं. वायफाय दिसत नसेल तर बहुधा फर्मवेअर, म्हणजे त्या उपकरणाच्या आत चालणारा प्रोग्रॅम, नसतं. डेबियनच्या अधिकृत आयएसओमध्ये ते १२ व्या आवृत्तीपासून येतं.

बसवून झाल्यावर सगळे अपडेट घ्या आणि ‘एसएस’ या आज्ञेने कोणत्या सेवा बाहेरून जोडणी घ्यायला बसल्या आहेत ते बघा. १२७.०.०.१ या पत्त्यावरची सेवा फक्त याच मशिनपुरती असते. चारही आकडे शून्य असतील तर ती मशिनच्या प्रत्येक नेटवर्कवर ऐकत असते. अशा ज्या सेवेचं काम तुम्हाला सांगता येत नाही, ती सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टीमडीमधून थांबवा आणि पुढच्या वेळी आपोआप सुरू होणार नाही अशी बंद करा.