निघण्याआधीचा रंग

समुद्रावर पक्षी बघायला जायचं तर मी आधी पंचांग उघडतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब. चैत्र वद्य तृतीया, म्हणजे भरती सव्वादोनला आणि ओहोटी सकाळी आठच्या सुमारास. साडेसातलाच अलिबागजवळ अक्षीच्या पुळणीवर, सुरूच्या झाडाला टेकून बसलो.

जानेवारीत इथले चिखले आणि तुतवार, म्हणजे ओल्या वाळूत चरणारे छोटे किनारी पक्षी, सगळे एकजात मळकट राखाडी असतात. नवखा माणूस कंटाळून जातो. एप्रिलच्या मध्याला मात्र तोच थवा ओळखू येत नाही. तिबेटी चिखल्याच्या छातीवर विटकरी पट्टा चढलेला. तपकिरी डोक्याच्या कुरवाला, म्हणजे समुद्रपक्ष्याला (गल), थंडीत डोळ्यामागे नुसता काळा ठिपका असतो, आता अख्खं डोकं कॉफीच्या रंगाचं. आणि माझा सगळ्यात लाडका बाकचोच तुतवार गळ्यापासून पोटापर्यंत तांबूस! ही लाली पिल्लं काढायला निघण्याची. चिखले आणि कुरव लडाख-तिबेटच्या पठाराकडे जातील. बाकचोच जाईल सैबेरियाच्या पार उत्तरेला, तैमिरच्या टुंड्रात, म्हणजे झाडं नसलेल्या गोठलेल्या माळावर. अक्षीहून सरळ रेषेत मोजलं तरी सुमारे 6,000 किलोमीटर.

निघायची वेळ झाली हे त्यांना कळतं कसं? शरीरात वर्षाचं एक घड्याळ असतंच, पण ते जुळवून घेतो तो उजेड. अलिबागला डिसेंबरात दिवस सुमारे 11 तासांचा असतो, एप्रिलच्या मध्याला साडेबारा तासांचा. पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर प्रकाश जाणणाऱ्या पेशी असतात आणि उजेड कवटीतून झिरपून त्यांच्यापर्यंत पोचतो. दिवस मोठा झाला की संप्रेरकं बदलतात, पिसं बदलतात आणि भूक अनावर होते.

ही भूकच खरी बघण्यासारखी. एरवी 50-60 ग्रॅम भरणारा बाकचोच आता चरबी साठवत असतो. एक ग्रॅम चरबीतून पिष्टाच्या दुपटीहून जास्त ऊर्जा मिळते, शिवाय ती जळताना पाणीही तयार होतं. लांब पल्ल्याच्या काही किनारी पक्ष्यांमध्ये तर उड्डाणाआधी जठर-आतडी आकसतात, हृदय आणि छातीचे स्नायू वाढतात. वाटेत न लागणारं ओझं पक्षी सोबत नेत नाही.

दहा वाजता पाणी चढू लागलं आणि थवा माझ्याकडे सरकला. चोची शिलाईयंत्राच्या सुईसारख्या वाळूत खालीवर होत होत्या. तेवढ्यात कुणीतरी ओल्या वाळूवरून गाडी पळवली. सगळा थवा उठला, वळसा घेऊन बसला. गाडी परत आली, पुन्हा उठला. मला फार वाईट वाटलं. ओली वाळू उघडी असते ती मोजके तास, आणि प्रत्येक उड्डाणात जमवलेली चरबीच जळते.

अकराच्या सुमारास ओली पट्टी अगदी अरुंद झाली. तांबूस पक्ष्यांच्या घोळक्यात दोन बाकचोच अजून राखाडीच होते. आजारी नव्हेत, बहुधा गेल्या उन्हाळ्यात जन्मलेले. या वयाचे बरेचसे पक्षी पहिल्या वर्षी उत्तरेला जातच नाहीत. बाकीचे गेल्यावरही ते दोघं इथेच चरत राहतील, कदाचित पावसाळाभर.