हत्यारपेटी व कामाचे बाक (वाद्यकारागिरांचे)

लाकूडकामातल्या कारागिराने हत्यारे ठेवण्यासाठी स्वतःच्या हाताने घडवलेली पेटी आणि तिच्या जोडीचे कामाचे बाक. पेटीकडून अपेक्षा माफक असते: पटाशीची धार दुसऱ्या पात्यावर आपटून बोथट होऊ नये, पावसाळ्यात पोलाद गंजू नये आणि काम चालू असताना मान न वळवता हवे ते हत्यार हाताला लागावे. एवढ्यावर भागत असताना काही उस्तादांनी पेटीच नक्षीने मढवली. विशेष म्हणजे या प्रकारातली सर्वांत गाजलेली पेटी एका वाद्यकारागिराची आहे. म्हणूनच सांगली जिल्ह्यातल्या मिरजेच्या सतारमेकरांची हत्यारे याच नोंदीत घेतली आहेत.

स्टडलीची पेटी. हेन्री ओ. स्टडली (१८३८–१९२५) हा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला पियानो कारागीर. भिंतीला टांगायची त्याची पेटी बंद असताना साधारण ४० इंच उंच, २० इंच रुंद आणि जेमतेम ९–१० इंच जाड दिसते. उघडली की दोन उभे भाग पुस्तकासारखे पसरतात आणि आत अडीचशेहून अधिक हत्यारे दिसतात. ती मावतात कशी, याचे उत्तर थरांत आहे. समोरची चौकट बिजागरीवर फिरवली की मागे दुसरा थर निघतो, काही ठिकाणी तिसराही. प्रत्येक हत्याराला त्याच्याच आकाराची बैठक आहे आणि ते नेमके तिथेच बसते. एका छोट्या रंध्यासाठी तर आबनुसाची कमान उभारली आहे, देवळीत मूर्ती ठेवावी तशी. मूळ लाकूड महोगनी. त्यावर आबनूस, शिसवी, हस्तिदंत आणि शिंपला यांचे जडावकाम. फ्रीमेसन या बंधुसंघटनेचे गुण्या आणि कर्कटकाचे चिन्हही त्यात आहे. यातले आबनूस आणि हस्तिदंत पियानोच्या पट्ट्यांना लागणारेच, म्हणजे नक्षीचा माल धंद्यातलाच होता. त्याच्या बाकाला चाकासारख्या मुठीचे दोन भारी व्हाइस, म्हणजे काम घट्ट धरणारे शिकंजे आहेत. पेटी काही काळ वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात मांडलेली होती. २०१५ मध्ये आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स इथे पेटी आणि बाक एकत्र पाहायला मिळाले. अशी पेटी रोजच्या घाईला सोयीची की कसब दाखवायला, हा प्रश्न कुठल्याही सुताराच्या मनात येईल. उत्तर बहुधा दोन्ही.

मिरजेची बैठक. मिरजेत तंतुवाद्यांचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रुजला. तो उभा करणारे मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. शस्त्रांची मागणी आटली तसे त्यांच्यातले काही सतारी-तंबोऱ्यांकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव यात आधी घेतले जाते. पोलादाची पारख घरात होतीच, ती पटाशी-कानशीच्या कामी आली असणार.

इथे उंच बाक नाही. कारागीर जमिनीवर बसतो आणि काम मांडीत किंवा पायांत धरतो. व्हाइसचे काम तळपाय करतात. गळा, दांडी आणि भोपळा सरसाने जोडले की सांधा सुतळीने करकचून आवळतात आणि वाळेपर्यंत तसाच ठेवतात. हत्यारांत करवत, वाकस, रंधा, पटाश्या, गिरमिट, कोरण्या, कर्कटक आणि लहानमोठ्या कानशी. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, तो पाण्यात भिजवून, आतून काड्यांचा ताण देऊन आकारात आणावा लागतो. दांडीला आणि भोपळ्याच्या तोंडावर बसणाऱ्या तबलीला बहुधा तुणीचे लाकूड.

सगळ्यांत जपली जाते ती जवारीची कानस. तंबोऱ्याची तार घोडीच्या, म्हणजे तारांखालच्या आधारपट्टीच्या, पाठीवर किंचित उतारावर टेकते. त्या उतारामुळेच स्वराला गुंजन येते, तीच जवारी. कानशीचा एखादा हात फिरवायचा, तार चढवून छेडायची, कान देऊन ऐकायचे, तार सैल करून पुन्हा घासायचे. हात जरा जास्त पडला तर तार नुसती करकरते आणि घोडीची पाठ पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. वादकाचा सूर बदलला की जवारीही बदलून मागितली जाते. घोडीला पूर्वी हरणाचे शिंग, हाड किंवा हस्तिदंत वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिंग आणि हस्तिदंत मागे पडले, आता कृत्रिम मालही चालतो.

स्टडलीने नक्षी पेटीवर केली. मिरजेत ती वाद्यावर जाते. तबलीची किनार, गळ्यावरची पाने, भोपळ्यावरची वेलबुट्टी, पांढऱ्या पट्टीवर कोरून रंग भरलेल्या रेघा आणि शेवटी चपड्याचे पॉलिश, इथे कारागीर हात आखडता घेत नाही. त्याची स्वतःची हत्यारे मात्र साध्या मुठींची, भिंतीच्या पट्टीत खोचलेली नाहीतर डब्यात टाकलेली. गिऱ्हाईक तंबोरा पाहायला येते, पटाशी पाहायला नाही, हा हिशेब सरळ आहे.

सध्या. लाकूड कापायला आणि भोके पाडायला विजेची यंत्रे आली आहेत. जवारी हातानेच लावतात. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन वाद्याला आहे. ते घडवणारी हत्यारे जपून मांडण्याचे काम कुणीतरी हाती घ्यायला हवे, कारण झिजलेली कानस सहसा भंगारातच जाते.