‘चूक’ या शब्दात माहिती किती?

महाविद्यालयांच्या भिंतींवर हमखास दिसणारं वाक्य म्हणजे ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’. ते मला अर्धवट वाटतं. अपयशातून माणूस आपोआप शिकत नाही, उलट त्याच ठिकाणी त्याचं शिकणं अडतं.

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडचे माझे एक मित्र रसायनशास्त्राचे प्राध्यापक आहेत. केळीच्या खोडापासून धागा काढायचा उद्योग त्यांनी सुरू केला आणि दोन हंगामांत बंद केला. केळीचं खोड एकदाच घड देतं, मग कापून बांधावर पडतं. माल फुकटचा, पण त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. ट्रॉली भरून यायचं ते पाणीच. धागा वाळवायला उशीर झाला की तपकिरी पडायचा. का बंद पडलं विचारलं तर सर म्हणाले, “मजूर मिळेना, पाऊस लांबला.” हेच सर प्रयोगशाळेत टायट्रेशनचं (थेंबाथेंबाने द्रावण घालून प्रमाण मोजायच्या प्रयोगाचं) चुकलेलं रीडिंग विद्यार्थ्याला खोडू देत नाहीत.

प्रयोग फसला की गृहीतक पडतं. उद्योग फसला की बाजारात माणसं विचारतात, “काय सर, कारखाना बंद पडना का?” तिथे पडतो तो ‘सर’. जैन, जॉर्ज आणि माल्टारिक या अभ्यासकांनी २००९ मध्ये उद्योगात उतरलेल्या विद्यापीठीय शास्त्रज्ञांबद्दल लिहिलं, की ही मंडळी प्राध्यापकपण मुख्य ठेवतात आणि उद्योजकपण दुय्यम. म्हणजे जपायची ओळख आधीपासूनच ठरलेली असते.

आता माझा आवडता प्रयोग. लॉरेन एस्क्रेस-विंक्लर आणि आयलेट फिशबाख यांनी २०१९ मध्ये तो प्रसिद्ध केला. लोकांना प्रश्न दिले, उत्तराचे पर्याय फक्त दोन. काहींना कळवलं ‘बरोबर’, काहींना ‘चूक’. पुढे त्याच गोष्टी पुन्हा विचारल्या, तर ‘चूक’ ऐकलेले कमी शिकले होते. गंमत अशी की दोनच पर्याय असताना ‘चूक’ म्हणजे दुसरं उत्तर बरोबर! समजा मी विचारलं, केळीचं दिसतं ते खोड लाकडाचं की पानांच्या आवरणांचं? तुम्ही ‘लाकडाचं’ म्हणालात आणि मी ‘चूक’ म्हटलं, तर उत्तर तुमच्या हातातच आलं.

माहितीशास्त्रात माहिती ‘बिट’मध्ये मोजतात; दोन सारख्याच शक्यतांतली खरी कोणती हे कळणं म्हणजे एक बिट. या मापात ‘बरोबर’ आणि ‘चूक’ हे दोन्ही निरोप नेमके १ बिट. पर्याय तीन केले तर ‘बरोबर’ १.५८ बिट देतं, ‘चूक’ ०.५८. दहा पर्यायांत ‘चूक’ची किंमत ०.१५ बिटवर येते, कारण दहातली एकच वाट बाद होते आणि नऊ उरतात (पर्यायांची संख्या भागिले उरलेले पर्याय, याचा दोनच्या पायाचा लॉगॅरिदम घ्यायचा). धंद्यात तर वाटा कितीतरी, म्हणजे तिथल्या अपयशात माहिती मुळातच विरळ असते. पण त्या प्रयोगात माहिती पूर्ण होती, तरी माणसं कमी शिकली! संशोधकांच्या मते अपयश स्वाभिमानाला लागतं आणि मन लक्ष काढून घेतं. पुरावा असा, की चूक दुसऱ्याची असेल तर लोक तितकंच नीट शिकले जितकं यशातून.

उद्योग बुडाल्यावर कुणी ‘यंत्राचं तोंड दक्षिणेला होतं’ म्हणून वास्तूचा उपाय सुचवतो, तेव्हा मला राग येतो. वास्तूच्या कारणात मोजण्यासारखं काहीच नसतं, त्यामुळे नोंदींची वही कायमची मिटते.

परवा मी सरांना विचारायची तऱ्हा बदलली. म्हटलं, “समजा एखादा शेतकरी हाच उद्योग बुडवून तुमच्याकडे आला. काय विचाराल?”

सर ताडकन म्हणाले, “एका ट्रॉलीमागे कोरडा धागा किती किलो निघाला? खोड शिवारातच चिरून का नाही आणलं?”

मग बराच वेळ गप्प बसले. उठून कपाटातली वही काढली, पट्टी ठेवून दोन रकाने आखले: ओलं वजन, कोरडं वजन.