१९२० मध्ये अमेरिकेतल्या ‘सगळ्या’ स्त्रियांना मताधिकार मिळाला?

महिला दिन जवळ आला की हे वाक्य हमखास फिरतं. ते अर्धंच खरं आहे. एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने एवढंच ठरवलं, की बाई आहे म्हणून कुणाचं मत नाकारता येणार नाही. दक्षिणेकडच्या राज्यांतले मतदान-कर, साक्षरता चाचण्या आणि उघड दहशत तशीच राहिली. कृष्णवर्णीय स्त्रियांची वाट तिथेच अडवली गेली.

आणि या स्त्रिया लढ्यात नव्हत्या, हा समज तर साफ चुकीचा. त्यांच्या महिला मंडळांचा राष्ट्रीय संघ १८९६ मध्येच उभा राहिला. मेरी चर्च टेरेल पहिल्या अध्यक्ष. १९१३ च्या वॉशिंग्टनमधल्या स्त्री-मताधिकाराच्या मोर्चात कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांना गोऱ्या आयोजकांनी मागे, वेगळ्या तुकडीत चालायला सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. मोर्चा सुरू झाल्यावर बघ्यांच्या गर्दीतून पुढे आल्या आणि थेट आपल्या इलिनॉय राज्याच्या तुकडीत शिरल्या! त्याच वर्षी शिकागोत त्यांनी काढलेल्या अल्फा सफ्रेज क्लब या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मताधिकार मंडळाच्या बायकांनी दारोदार फिरून मतदार नोंदवले. १९१५ मध्ये ऑस्कर डी प्रीस्ट त्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय नगरसेवक झाले, त्यात या पायपिटीचा मोठा वाटा होता.

दक्षिणेतल्या बहुतेकींच्या हाती मतपत्रिका पडायला मात्र १९६५ चा मतदान हक्क कायदा यावा लागला.